पत्र्याची धग : लोकमान्य नगरातल्या एका खोलीचं प्रकरण

एप्रिल 2025 मध्ये मावसभावाचा फोन आला. वरच्या खोलीत एक टनाचा एसी हप्त्यावर घेतोय, बसवणारा कुणी सांग. मी डक्टिंगच्या धंद्यात आहे. रबाळे-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांमध्ये गार हवेचे डक्ट चढवायचे आणि त्यांना इन्सुलेशन गुंडाळायचं हे माझं काम, त्यामुळे घराण्यातल्या कुठल्याही एसीचा पहिला फोन मला येतो. वरची खोली म्हणजे पत्र्याखालची, हे मला माहीत होतं. म्हटलं, पैसे भरू नकोस, रविवारी येतो.

घर ठाण्यात, लोकमान्य नगरच्या एका पाड्यात. खाली काका-मावशीची जुनी खोली, वर 2016 मध्ये चढवलेला मजला. आतून 10 बाय 20 फूट. भिंती अर्ध्या विटेच्या, साडेचार इंची. वर एकपाखी निळे रंगीत पत्रे, 0.45 मिलिमीटर जाडीचे, दर चार फुटांवर दीड इंची चौकोनी लोखंडी पाइप आणि त्यावर स्क्रूने कसलेले. उंच बाजू पूर्वेला गल्लीकडे, साडेदहा फूट. उतार पश्चिमेला, तिथे साडेआठ. पश्चिमेच्या टोकाला चार फुटांत ओटा आणि गॅस, मधे पलंग आणि कपाट, पूर्वेच्या खिडकीखाली मावशीचं शिलाई मशीन. ब्लाउज आणि फॉल-पिकोची कामं ती घरी घेते. दुपारी बारा ते चार, म्हणजे नेमक्या वाईट वेळी, ती मशीनवर असते आणि तिला बीपीची गोळी चालू आहे.

16 एप्रिल 2023 ला खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्याला उन्हात बसलेली माणसं दगावली, तेव्हापासून काकांनी उन्हाचा धसका घेतलाय. एसीचा हट्ट खरा त्यांचा. पैशांची बाजू अशी की मावशीला भिशी लागली होती, 15,000 रुपये. त्यातून एसीचे पहिले पैसे भरायचे आणि पुढे हप्ते, असा बेत. मी म्हटलं, तेवढ्याच पैशांत आधी छत करू, मग एसी लागतो का ते बघू. काका तयार झाले, पण एक अट घालून. "क्लस्टरमध्ये घर कधी जाईल सांगता येत नाही. जे लावशील ते काढून नेता आलं पाहिजे." (क्लस्टर म्हणजे जुन्या वस्त्या पाडून एकत्र नव्याने बांधायची योजना.) ही अट पुढे फार कामाला आली. तिच्यामुळे चिकटवण्याचे सगळे उपाय पहिल्याच दिवशी बाद झाले.

मोजून काय निघालं

20 एप्रिलच्या रविवारी दुपारी दोन वाजता मी कामावरची इन्फ्रारेड गन, म्हणजे लांबूनच वस्तूचं तापमान मोजणारं यंत्र, घेऊन गेलो. सोबत साडेतीनशे रुपयांचं एक साधं डिजिटल थर्मामीटर. गल्लीत सावलीला 36 अंश. खोलीत पलंगाच्या उंचीवर 38.5, पंख्याच्या पात्यांजवळ 41. आणि पत्र्याची आतली बाजू 61.

मावशीला आकडे सांगितले तर ती म्हणाली, "मला आकडे नको सांगूस. डोक्यावर तवा धरल्यासारखं होतं, एवढंच मला कळतं." तिचं निदान माझ्या गनपेक्षा बरोबर होतं. मराठीत झळ आणि धग असे दोन शब्द आहेत. झळ वाऱ्याबरोबर येते आणि वारा थांबला की थांबते. धगीला हवा लागत नाही. चुलीसमोर बसलं की चेहरा भाजतो आणि पाठ गार राहते, ती धग. या खोलीतली हवा बाहेरच्यापेक्षा जेमतेम अडीच अंशांनी गरम होती. माणसाला शिजवत होता तो पत्रा, थेट, वरून खाली. पंखा लावून म्हणूनच फरक पडत नव्हता. पंखा हवा हलवतो, धगीला तो हात लावू शकत नाही.

हिशेब करून दाखवला. 61 अंशांचा पत्रा आणि त्याखाली 38 अंशांची खोली असेल तर दर चौरस मीटरला साधारण 160 वॉट उष्णता नुसत्या धगीने उतरते. 200 चौरस फूट म्हणजे साडेअठरा चौरस मीटर. गुणाकार तीन किलोवॉटला टेकतो. दोन किलोवॉटचे दीड गिझर डोक्यावर उलटे टांगून चालू ठेवावेत, तसं. आता एक टनाचा एसी किती उष्णता उपसतो? साडेतीन किलोवॉट. म्हणजे मावसभाऊ जो एसी घेणार होता, त्यातला बहुतेक सगळा पत्र्याशी मारामारी करण्यातच गेला असता. उरलेल्या अर्ध्या किलोवॉटात माणसं, गॅस, भिंती आणि फ्रीज. हे ऐकल्यावर त्याने एसीचं पत्रक घडी घालून खिशात ठेवलं.

काय काय नको म्हटलं

गल्लीत प्रत्येकाने काही ना काही केलेलं होतं, त्यामुळे शिकायला बाहेर जावं लागलं नाही.

शेजारच्या वहिनींनी दोन वर्षांपूर्वी एक इंची थर्माकोल पत्र्याच्या आतून चिकटवला होता. थर्माकोल उष्णता अडवायला उत्तमच, त्यात वाद नाही. इंचभर थर्माकोल अडवतो तेवढं अडवायला प्लायवुड चार इंच लागेल. पण चिकटवलेल्या जागी दिवसा साठ अंश आणि पहाटे वीस, असा पत्रा रोज फुगतो आणि आकसतो. गोंद पहिल्या पावसाळ्यात सुटला. उरलेल्या तुकड्यांत काळ्या मुंग्यांनी घरं केली आणि उंदरांनी पोखरून शिमग्याची धुळवड केली. एवढ्यावर भागलं असतं तर मी बोललो नसतो. थर्माकोल पेट घेतो, पेटलेले थेंब खाली गळतात आणि धूर काळा, घशाला घट्ट धरणारा. दहा फुटी खोलीत जिना एकच असताना हा धोका मी कुणाच्या डोक्यावर टांगणार नाही. अजून एक गोष्ट वायरमनलासुद्धा सहसा माहीत नसते. विजेच्या वायरचं पीव्हीसी आवरण थर्माकोलला चिकटून राहिलं, की आवरणातलं मऊपणा देणारं द्रव्य थर्माकोल शोषून घेतो. थर्माकोल विरघळल्यासारखा होतो आणि वायर कडक होऊन तडकते. वहिनींच्या ट्यूबलाइटची वायर मी बोटांनी वाकवली तर कडकन मोडली. तो तुकडा अजून माझ्या हत्यारांच्या पेटीत आहे.

पीव्हीसी पॅनेलच्या छताचा भाव मावसभावाने आधीच काढून आणला होता. चौरस फुटाला 85 रुपये, म्हणजे 17,000, वर "एकदम थंड राहील" हे आश्वासन फुकट. पॅनेल वाईट नाही. मधे कुठलाही पडदा आला की धग साधारण निम्मी होते, कारण पडदा आधी स्वतः तापतो आणि मग खाली फेकतो. पण निम्मी म्हणजे दीड किलोवॉट उरलीच. नुसत्या पॅनेलवर सगळी भिशी घालवायची आणि वर दोन हजार उसने काढायचे, हे मला पटेना.

ग्लासवूल, म्हणजे काचेच्या तंतूंची गादी, हा माझ्या धंद्यातला माल. साइटवरचे कापलेले तुकडे फुकट मिळाले असते. ते पेटत नाही, हा त्याचा मोठा गुण. पण एकदा ओलं झालं की कामातून गेलं, आणि जिथे चादरी झटकतात, पोरं लोळतात तिथे त्याचे तंतू गळायला नकोत. अंगाला खाज काय सुटते ते मी वीस वर्षं अनुभवतोय. फुकट असूनही नाही म्हटलं. पफ पॅनेल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेलं तयार छप्पर, या सगळ्यांत सरस; पण जुने पत्रे बदलायचीच वेळ आली असेल तेव्हा. इथले पत्रे धडधाकट होते.

चुन्याचा उपाय काकांचा. फेविकॉल घालून चुना मारायचा. एका उन्हाळ्यापुरता तो चालतो, आणि ज्याच्या खिशात पाचशेच रुपये आहेत त्याने तोच करावा. पण ठाण्याचा पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या घरातला. दसऱ्याला पत्रा पुन्हा निळाच दिसणार. शिवाय ओला चुना जस्ताला खातो. रंग खरवडलेल्या जागी पत्र्याचं जस्त उघडं असेल तर तिथून गंज धरतो.

एक सूचना इथेच. तुमचे पत्रे लोखंडाचे नसून जुने सिमेंटचे असतील, तर त्यांना ड्रिल मारू नका आणि कोरड्या ब्रशने घासू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

पोकळी

मेस्त्रींना मी सांगितलं, आपण छत लावत नाही आहोत, पोकळी बांधतोय. ते माझ्याकडे बघत राहिले. पण कामाचा गाभा तोच होता.

चकचकीत ॲल्युमिनियम फॉइल आपल्यावर पडलेल्या धगीतली नव्वद-पंचाण्णव टक्के परत करते, आणि स्वतः तापली तरी धग टाकण्यात महाकंजूष असते. मात्र हे दोन्ही गुण तिच्यासमोर मोकळी हवा असेल तरच चालतात. फॉइल पत्र्याला चिकटवली आणि खालून पॅनेल दाबून बसवलं, तर ती नुसता धातूचा पातळ तुकडा; उष्णता आरपार. म्हणून निदान एक इंच पोकळी हवी. वरून उतरणाऱ्या उष्णतेच्या बाबतीत पोकळी आपल्या बाजूनेही असते, कारण गरम हवा वरच पत्र्याला चिकटून राहते, आपण होऊन खाली येत नाही. आणि फॉइलच्या वरच्या तोंडावर वर्षभरात धूळ बसून ती मंद होते, तेव्हा खालचं तोंडही चकचकीत असलं आणि त्याच्याखालीही मोकळी जागा असली, तर धूळ बसूनही काम चालू राहतं.

यावरून रचना अशी ठरली. बाहेरून पत्र्याला पांढरा परावर्तक रंग. आत लोखंडी पाइपांच्या खालून बबल फॉइल, म्हणजे मधे हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक आणि दोन्ही बाजूंनी चकचकीत फॉइल. म्हणजे पत्रा आणि फॉइल यांच्यात पाइपाची दीड इंच जागा आपोआप सुटली. त्याखाली चार इंच सोडून पीव्हीसी पॅनेल, पण फक्त पूर्वेच्या अर्ध्या भागात, मशीन आणि पलंगाच्या डोक्यावर. पत्र्याखालची पोकळी दोन्ही टोकांना उघडी, अर्धा इंची जाळी लावून. पाखं उताराचं असल्यामुळे पोकळीतली तापलेली हवा आपोआप चढून उंच टोकाने बाहेर पडते. उंच टोक पूर्वेला होतं हे आमचं नशीब. पश्चिमेला असतं तर पावसाळी वारा त्याच भोकातून पाणी आत फेकत राहिला असता. गॅसच्या वरच्या चार फुटांत फॉइलही नाही आणि पॅनेलही नाही, कारण बबल फॉइलच्या मधलं प्लास्टिकही जळतं. तिथे नुसता रंगवलेला पत्रा.

रंग 27 एप्रिलला आणि 1 मेला सकाळी साडेसहा ते नऊ, अशा दोन हातांत. उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग ओढला तर तो वरचेवर सुकतो आणि पुढे पापुद्रे धरतो. आधी पत्रे साबणाने धुतले, गंजलेल्या जागा तारेच्या ब्रशने घासून प्राइमर दिला, आणि गुळगुळीत निळ्या रंगाला धर यावा म्हणून पॉलिश पेपर फिरवला. चालायचं फक्त स्क्रूच्या ओळीवर, कारण खाली तिथेच पाइप असतो. मधे पाय पडला की पत्रा बसतो. कमरेला दोरी. काका खालून ओरडत होते, दोरी कशाला, मी आयुष्यभर असाच चढलो. त्यांना मी खालीच ठेवलं. वीस लिटरची बादली वहिनींबरोबर निम्मी-निम्मी वाटून घेतली.

4 मेला पुन्हा दुपारी दोनला मोजलं. बाहेर 35.5, पत्रा 46. रंगाने एकट्याने पंधरा अंश काढले होते. सगळ्या कामातला सर्वांत स्वस्त पैसा हाच. कुणी मला विचारलं की दोनच गोष्टी परवडतात, तर मी रंग आणि फॉइल सांगेन. एकच परवडते तर रंग.

26 मे

फॉइल आणि सांगाड्याचं काम शनिवार-रविवार 24 आणि 25 मेला धरलं. मे महिन्यातच अवेळी सरी पडून गेल्या होत्या, पण पाऊस नेहमीप्रमाणे 11 जूनच्या आसपास येणार या हिशेबाने आम्ही निवांत होतो. वागळे इस्टेटमधून फॉइल आणि टेप आणली. दर फुटावर जीआयची (जस्त चढवलेली लोखंडी) तार ओढून त्यावर फॉइल पसरली, सांधे दोन इंच एकमेकांवर चढवून ॲल्युमिनियम टेप मारली. रविवारी संध्याकाळी पॅनेल भिंतीला टेकवून ठेवली होती, लावायची बाकी.

सोमवारी, 26 मेला, मान्सून मुंबईत थडकला. पंचाहत्तर वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधीच आला नव्हता. याआधीचा विक्रम 29 मे 1956 चा. सकाळी मावशीचा फोन. "तुझ्या चांदीच्या कागदात पाण्याचा फुगा झालाय."

तो फुगा म्हणजे या प्रकरणातला सर्वांत उपयोगी अपघात. उत्तरेच्या कडेला दोन पत्र्यांच्या चढीत फट होती आणि भिंतीला पत्रा टेकतो तिथलं सिमेंट फुटलेलं होतं. आधी हे पाणी भिंतीवरून ओघळून जायचं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पॅनेल लावून झाली असती तर ते महिनाभर वर साचत राहिलं असतं आणि आम्हाला कळलं असतं ते बुरशीच्या वासाने. फॉइलला खालून सुई टोचली, बादलीभर पाणी काढलं. पुढच्या उघडिपीत चढीमध्ये ब्युटिल टेप, म्हणजे पाणी अडवणारी चिकट रबरी पट्टी, भरली, भिंतीकडेची फट बुजवली, आणि स्क्रूंचे जुने, उन्हाने भाकरीसारखे कडक झालेले रबरी वॉशर बदलले. हे काम मी खरं तर रंगाआधी करायला हवं होतं. पाण्याची टाकी वर असताना पाइप लावून अर्धा तास पत्र्यावर पाणी सोडलं असतं, तर एप्रिलमध्येच गळती दिसली असती. घाई माझी.

पॅनेल जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लागली. सगळी स्क्रूवर. काकांच्या अटीप्रमाणे एका दिवसात उतरवता येतील.

विजेबद्दल जरा थांबून सांगतो, कारण इथे चूक जिवावर येते. लोखंडी पत्रा, लोखंडी पाइप, ॲल्युमिनियमची फॉइल: सगळं खोलीभर वीज पसरवायला टपलेलं. ऑस्ट्रेलियात 2009-10 मध्ये घरांच्या छतांत इन्सुलेशन बसवायची सरकारी योजना निघाली होती. त्यात चार तरुण कामगार मेले, त्यातले तिघे विजेच्या धक्क्याने, आणि फेब्रुवारी 2010 मध्ये तिथे फॉइलचं काम बंद करावं लागलं. आम्ही काम चालू असताना मेन स्विच खाली ठेवला, ड्रिल शेजारून वायर ओढून चालवलं. पंख्याची आणि ट्यूबची वायर पाइपात घातली, उघडे सांधे डब्यात बंद केले. फॉइल ठोकायला स्टेपलर वापरला नाही. खोलीला ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की आपोआप पुरवठा तोडणारा स्विच, नव्हता; तो मावसभावाने स्वतःच्या पैशांनी बसवला. तो खर्च खालच्या हिशेबात धरलेला नाही. छत केलं नसतं तरी तो हवाच होता.

पैसे

अर्धी बादली रंग 2,300. वॉशर, स्क्रू, ब्युटिल टेप 650. बबल फॉइल 180 चौरस फूट, 14 रुपये दराने 2,520. ॲल्युमिनियम टेपची तीन रिळं 360. तार आणि किरकोळ 420. पॅनेलखालच्या पट्ट्या 1,150. पॅनेल 110 चौरस फूट, 32 रुपये दराने 3,520. मेस्त्री आणि हाताखालचा, दोन दिवस, 3,800. नऊ इंची एक्झॉस्ट पंखा आणि जाळ्या 1,550. टेम्पो 300. बेरीज 16,570. भिशीपेक्षा 1,570 जास्त, ते मी घातले आणि मावशीने दोन ब्लाउज शिवून फेडले. माझी आणि मावसभावाची मजुरी यात नाही. ती धरली तर हिशेब वीस हजारांच्या पुढे जाईल, हे लपवण्यात अर्थ नाही.

पॅनेल अर्ध्याच भागात लावल्यामुळे मागे चांदीची फॉइल उघडी दिसते. "लग्नाच्या मांडवात झोपल्यासारखं वाटतं," असं मावशी म्हणते. तिचं हे गाऱ्हाणं खरं आहे आणि त्यावर माझ्याकडे आणखी तीन हजारांशिवाय उत्तर नाही.

फरक

मे पाण्यात गेला, त्यामुळे खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उकाड्यात. बाहेर 35 अंश असलेला एक दिवस धरून दोनलाच मोजलं. पत्रा 45. पॅनेलची खालची बाजू 36. पलंगाच्या उंचीवर हवा 35. फॉइलवर गन सरळ धरली तर ती भलताच आकडा दाखवते, कारण चकचकीत पृष्ठभागात तिला समोरच्या वस्तूंचं प्रतिबिंब दिसतं. तिथे काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजावं लागतं. ऑक्टोबरचा सूर्य एप्रिलपेक्षा तिरका असतो (आपल्याकडे तो मेच्या मध्यावर अगदी डोक्यावर येतो), तेव्हा या आकड्यांना थोडी सूट द्या. तरी हवा साडेतीन अंशांनी उतरली आणि डोक्यावरचा 61 अंशांचा तवा 36 अंशांचा झाला. तीन किलोवॉटची धग माझ्या हिशेबाने पाचशे वॉटच्या आत आली, आणि त्यातली निम्म्याहून जास्त ओट्यावरच्या उघड्या चार फुटांतून येते. थर्मामीटरने साडेतीन अंश दाखवले. मावशीला विचाराल तर ती दहा सांगेल. मी तिच्या बाजूने आहे, अंगाला जे लागतं ते हवेच्या आकड्यात मावत नाही.

पावसाच्या आवाजात फरक पडला तो पुढच्याच अर्ध्यात. मागे अजून ताशा वाजतो, पुढे त्याचा ढोल झालाय. टीव्ही ऐकू येतो एवढं खरं.

रात्रीचं मात्र बिघडलं. ही गोष्ट मी आधी सांगायला हवी होती. काका ऑक्टोबरात म्हणाले, "दुपार सुधारली तुझी, पण रात्री नऊला पूर्वीपेक्षा जास्त घुसमटतं." त्यांचं म्हणणं मोजून खरं निघालं. पातळ पत्रा जसा चटकन तापतो तसा सूर्य गेल्यावर चटकन गारही होतो, आणि मोकळा पत्रा रात्री खोलीतली ऊब आभाळात फेकून देत असे. आम्ही ती वाटही बंद केली होती. त्यात पश्चिमेची साडेचार इंची भिंत दुपारभर ऊन पिते आणि तीन तासांनी, म्हणजे नेमकी जेवणाच्या वेळी, आत सोडायला लागते. उपाय दोन केले. उरलेला पांढरा रंग त्या भिंतीला बाहेरून मारला. आणि ओट्यावर बसवलेला एक्झॉस्ट स्वयंपाकानंतर बंद न करता पूर्वेची खिडकी उघडी ठेवून सात ते दहा चालू ठेवायचा. चाळीस वॉटचा पंखा, तीन तासांत युनिटचा आठवा हिस्सासुद्धा जळत नाही. नऊचा आकडा 33 वरून 31 वर आला. काका अजून कुरकुरतात, पण झोपतात वरच.

डिसेंबरात आणखी एक गोष्ट दिसली. थंडीत पहाटे पत्रा रडतो. आभाळ स्वच्छ असलं की तो हवेपेक्षाही गार होतो आणि आतल्या बाजूला दव धरतं. पूर्वी ते थेंब पांघरुणावर पडायचे. आता ते फॉइलवर पडून उताराने तिच्या ओट्याकडच्या कडेला जातात. तिथे मी फॉइलची कडा पन्हळीसारखी दुमडून बाहेर काढली आहे. पॅनेलच्या वर ओल नाही, दोन स्क्रू काढून पाहिलं.

ऑगस्टमध्ये एक उंदीर पोकळीत शिरला होता, जाळीचा एक कोपरा सुटलेला होता म्हणून. जाळी पुन्हा ठोकली. फॉइलला पडलेलं वीतभर भोक टेपने बुजवलं.

एसी अजून घेतलेला नाही. मावसभाऊ म्हणतो, पुढचा एप्रिल बघू आणि मग ठरवू, आणि घ्यायचा झालाच तर पाऊण टनाचा पुरेल का? पुरेल, असं मी सांगितलंय. पांढऱ्या पत्र्यावर पावसाळ्यानंतर शेवाळाची काळपट साय आणि हिवाळ्यात वागळे इस्टेटची धूळ बसते, त्याने तो दरवर्षी थोडा थोडा मंद होत जाणार. मावशीने कॅलेंडरवर होळीच्या आदल्या रविवारी लिहून ठेवलंय : पत्रा धुणे, भाच्याला बोलावणे, दोरी विसरू नये.